कोणतं तेल चांगलं?

किराणा दुकानात तेलाच्या फळीसमोर उभं राहिलं की आपण चुकून हृदयरोग विभागात शिरलो की काय, असं वाटतं. प्रत्येक पिशवीवर लालभडक हृदय छापलेलं. कुठे त्याच्यातून ईसीजीची रेघ धावते आहे, कुठे त्याच्या शेजारी एक सडपातळ जोडपं विनाकारण हसतं आहे. आणि खाली ठळक अक्षरांत: कोलेस्टेरॉल फ्री. शेजारच्या पिशवीवरही तेच. तिच्या शेजारच्या, जरा स्वस्तातल्या पिशवीवरही तेच. गिऱ्हाईक चष्मा कपाळावर सरकवून तिन्ही पिशव्या डोळ्यांशी धरून वाचतं आणि शेवटी महागातली उचलतं. एवढे पैसे घेतात म्हणजे त्यातलं कोलेस्टेरॉल जास्त मन लावून काढलं असणार, हा त्यामागचा विचार.

ते कुणी काढलेलं नसतं. ते तिथे नव्हतंच. कोलेस्टेरॉल करणं हा प्राण्यांचा उद्योग. शेंगदाणा, करडई, तीळ, सूर्यफूल यांना यकृत नाही आणि ती हौसही नाही. वनस्पतींत ते सापडलंच तर नावापुरतं. त्याऐवजी वनस्पती स्टेरॉल नावाचे त्याचे चुलतभाऊ तयार करतात. रूपानं इतके सारखे की आतड्यात कोलेस्टेरॉलच्या जागेवर हेच आधी जाऊन बसतात आणि मूळ मालक बाहेर ताटकळत राहतो. भाऊबंदकीचा एवढा एकच आरोग्यदायी प्रकार माझ्या माहितीत आहे. दिवसाला दोन ग्रॅम स्टेरॉल पोटात गेली तर रक्तातलं एलडीएल, म्हणजे 'वाईट' म्हणून बदनाम असलेलं कोलेस्टेरॉल, आठ-दहा टक्क्यांनी उतरतं. रोजच्या जेवणातून मात्र त्याचा पाव हिस्साही मिळत नाही.

तेव्हा तेलात कोलेस्टेरॉल किती, हा प्रश्नच गैरलागू. ते तेल पोटात गेल्यावर आपलं यकृत रक्तातल्या कोलेस्टेरॉलचं काय करतं, हा खरा प्रश्न. तो पिशवीवर छापत नाहीत, कारण त्याच्याशेजारी जोडप्याला हसवता येत नाही.

आपल्याकडे हा विषय ऐरणीवर येतो तो साधारण पन्नाशीला, लिपिड प्रोफाइलचा कागद हातात पडल्यावर. दहावीच्या गुणपत्रिकेनंतर मराठी माणूस इतकं लक्ष देऊन वाचतो तो हा दुसरा कागद. सकाळी बागेत फिरायला येणाऱ्या मंडळींत त्याची जाहीर वाचनं होतात. "तुमचं टोटल किती आलं?" "एकशे नव्वद." "आमच्या हिचं दोनशे चाळीस!" हे दोनशे चाळीस सांगताना काकांच्या आवाजात काळजी असते, पण तिच्याखाली अभिमानाचा एक पातळ थरही असतो. आयुष्यभर जास्त मार्कांच्या मागे धावलेल्या समाजाला कमी मार्क चांगले, हे पटायला वेळ लागतो. त्यात पुन्हा गोंधळ असा, की एलडीएल शंभरच्या आत हवं, ट्रायग्लिसराइड दीडशेच्या आत हवं, पण 'चांगलं' म्हणवणारं एचडीएल मात्र पुरुषांचं चाळीसच्या आणि बायकांचं पन्नासच्या वर हवं. एवढ्यावर थांबतील तर ते काका कसले! ते चारही आकड्यांची बेरीज करून सरासरी काढतात.

ज्या एलडीएलवरून घरात रणकंदन माजतं, तो आकडा तर बऱ्याचदा मोजलेलाही नसतो. तो वजाबाकीनं काढलेला असतो. १९७२ साली फ्रीडवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूत्र दिलं: एकूण कोलेस्टेरॉलातून एचडीएल वजा करा, ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करा, उरेल ते एलडीएल. ट्रायग्लिसराइड चारशेच्या पुढे गेलं की हे सूत्र हात टेकतं. रक्त देण्याआधी बारा तास उपाशी राहा, असं बजावतात ते यासाठीही. आदल्या रात्री श्रीखंडपुरी हाणली असेल तर ट्रायग्लिसराइड फुगतं, वजाबाकी मोठी होते आणि एलडीएल कागदावर उगाच सोज्वळ दिसतं. ही युक्ती मी फिरायला येणाऱ्या मंडळींना सांगितलेली नाही. तुम्हीही सांगू नका.

कागद घरी आला की घरातली वडीलधारी मंडळी गंभीर होतात, सल्लामसलत होते आणि एकमुखानं ठराव पास होतो: तेल बदलू या.

तेल कमी करू या, असं कुणीही म्हणत नाही. या लेखात मला सांगायचं आहे ते एवढंच. पण एवढंच सांगून थांबलो तर संपादक मानधन देताना शब्द मोजतील. शिवाय तेल बदलण्यात अगदीच अर्थ नाही, असंही नाही. त्यामुळे थोडं शास्त्र.

१९१३ साली सेंट पीटर्सबर्गला निकोलाय अनिच्कोव्ह यांनी सशांना शुद्ध कोलेस्टेरॉल खाऊ घातलं आणि सशांच्या रक्तवाहिन्यांत थर साचलेले दाखवले. कोलेस्टेरॉल नुसतं कसं भरवणार, म्हणून ते त्यांनी सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलं होतं. ज्या सशांना नुसतं सूर्यफुलाचं तेल मिळालं, त्यांच्या रक्तवाहिन्या स्वच्छ राहिल्या. ही सूर्यफुलाच्या तेलाची पहिली जाहिरात म्हणायला हरकत नाही; हसणाऱ्या जोडप्याऐवजी ससे होते, इतकंच. पुढे अमेरिकेत अँसेल कीज यांनी माणसांना वेगवेगळ्या चरब्या खाऊ घालून हिशेब मांडला. संपृक्त चरबी, म्हणजे लोणी, तूप, खोबरेल, पामतेल यांत जिचा भरणा ती, रक्तातलं कोलेस्टेरॉल जितकं वाढवते, त्याच्या जेमतेम निम्मं बहुअसंपृक्त चरबी उतरवते. बहुअसंपृक्त म्हणजे करडई, सूर्यफूल, सोयाबीन यांच्यातली. थोडक्यात, एका चमच्याच्या पापाला दोन चमच्यांचं पुण्य. आपल्याकडच्या कोणत्याही व्रतकथेत यापेक्षा बरा दर मिळतो. कीज स्वतः मात्र शंभर वर्षं जगून २००४ मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या विरोधकांचीही थोडी अडचण झालेली आहे.

असं का होतं, त्याचं उत्तर ब्राऊन आणि गोल्डस्टीन या जोडीच्या कामातून मिळालं. १९८५ चं नोबेल त्यांना मिळालं. यकृताच्या पेशींवर एलडीएलचे कण पकडून आत ओढणारे ग्राहक असतात. यांना आपण महापालिकेची घंटागाडी म्हणू. ती रोज वेळेवर येते तोवर कुणाला तिची आठवणही होत नाही. संपृक्त चरबी जास्त झाली की घंटागाड्यांची संख्या कमी होते, कचरा कोपऱ्याकोपऱ्यावर साचतो आणि कोपरा जर हृदयाच्या धमनीचा असेल तर प्रकरण गंभीर होतं. असंपृक्त चरबी त्या गाड्या पुन्हा रस्त्यावर आणते. एलडीएल हा स्वभावानं दुष्ट पदार्थ नाही. उचलला गेला नाही की तो त्रास देतो.

आता कुठलंच तेल नुसतं एका चरबीचं नसतं. प्रत्येकात संपृक्त, एकअसंपृक्त आणि बहुअसंपृक्त अशा तिन्ही असतात, प्रमाण वेगळं. आणि इथे शास्त्र संपून जिल्हाभिमान सुरू होतो.

कोल्हापूर-साताऱ्याकडच्या माणसाला शेंगदाण्याच्या तेलाखेरीज तेल ही संज्ञा लागू पडत नाही. त्याचं बरंचसं बरोबरही आहे. शेंगतेलात साधारण निम्मी एकअसंपृक्त चरबी, म्हणजे ऑलिव्हच्या तेलातली ती प्रतिष्ठित ओलेइक आम्लवाली. मराठवाडा आणि सोलापूरची माणसं करडई सोडून बोलणार नाहीत. विदर्भातले मामा जवसाची बाजू घेतात आणि जवसाच्या तेलात ओमेगा-३ निम्म्याहून जास्त आहे, हे पुणेकरांना कळायच्या कितीतरी आधीपासून आपण जवसाची चटणी खातो, असं दर भेटीत ऐकवतात. देशावर खोबरेल डोक्याला लावतात, आणि मालवणाकडे, गोव्यात त्यात मासे तळतात. त्यामुळे दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या घरी बाटली पाहून काही काळ अवघडलेली असतात. शहरातला चौथ्या मजल्यावरचा माणूस कोणत्याच जिल्ह्याचा उरलेला नसतो. तो लाकडी घाण्याचा असतो. दुप्पट पैसे मोजून, रविवारी रांगेत उभा राहून, डोळ्यांदेखत तेल काढून घेतो आणि येताना पेंड कुणाला द्यावी या विवंचनेत असतो. घाण्याच्या तेलाला वास असतो, चव असते, रिफायनरीत उडून जाणारं थोडं ई जीवनसत्त्व आणि स्टेरॉल त्यात टिकून राहतात, हे सगळं खरं. पण चरबीचे प्रकार तेच राहतात, आणि एका ग्रॅमला कॅलरी नऊच. बैलानं काढलं म्हणून आठ होत नाहीत.

करडईची गोष्ट जरा थांबून सांगण्यासारखी आहे, कारण तिच्यात आपला माल साता समुद्रापार जाऊन परीक्षेला बसला. करडई हे काटेरी, कणखर पीक. जनावरं आत शिरू नयेत म्हणून शेताच्या कडेनंही लावतात. काढणीला काटे टोचतात म्हणून फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं 'नारी-६' हे बिनकाट्याचं वाण दिलं. तिच्या तेलात लिनोलेइक हे बहुअसंपृक्त आम्ल पाऊण हिस्सा, म्हणजे कीजच्या हिशेबानं पुण्याचा डोंगरच. १९६६ मध्ये सिडनीत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या किंवा तशाच दुखण्यातून उठलेल्या ४५८ पुरुषांवर प्रयोग सुरू झाला. निम्म्यांना संपृक्त चरबी सोडून करडईचं तेल आणि करडईचं मार्जरीन खायला सांगितलं. अपेक्षेप्रमाणे कोलेस्टेरॉल उतरलं. आणि करडईच्या गटातली माणसं जास्त मेली. ही जुनी आकडेवारी पुन्हा तपासून २०१३ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये सविस्तर छापली गेली, तेव्हा करडईच्या घरात सुतक आणि तुपाच्या घरात पेढे, असं वातावरण झालं.

पेढे वाटणाऱ्यांनी जरा दम धरायला हवा होता. त्या काळच्या मार्जरीनमध्ये ट्रान्स चरबी असायची, आणि तिनं काय केलं असेल ते वेगळं काढता येत नाही. ओमेगा-३ जवळजवळ नाही आणि एकाच आम्लाचा मारा, असा आहार कुणी आपणहून घेतही नाही. सगळे चांगले प्रयोग एकत्र मांडले तर संपृक्त चरबीच्या जागी असंपृक्त आणल्यानं हृदयविकार कमी होतो, असाच कौल आजही बहुतेक तज्ज्ञ देतात. पण सिडनीनं एक गोष्ट ध्यानात आणून दिली: कागदावरचा आकडा उतरला म्हणजे माणूस वाचला, असं गणित सरळ नसतं. आमच्या काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे भजी करडईत तळू की शेंगतेलात?"

या सगळ्या वादात जो खरा गुन्हेगार, तो आपल्या घराघरांत मानानं राहून गेला. पिवळ्या डब्यातून, खजुराचं झाड मिरवत. डालडा बाजारात आला १९३७ मध्ये. द्रवरूप वनस्पती तेल घ्यायचं, निकेलच्या सान्निध्यात त्यात हायड्रोजन सोडायचा, की तेल गोठून तुपासारखं रवाळ होतं. नाव 'वनस्पती तूप'. डब्यात खरी वनस्पती आली ती डबा रिकामा झाल्यावर, त्यात तुळस लावली तेव्हा. त्या डब्यांनी चाळीच्या चाळी हिरव्या ठेवल्या, तांदूळ मोजले, पावसाळ्यात गळक्या छपराखाली रात्रपाळ्या केल्या. महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासात रिकाम्या डालड्याच्या डब्यावर एक स्वतंत्र प्रकरण हवं आणि भरलेल्या डब्यावर एक चौकशी आयोग.

कारण तेल अर्धवट गोठवताना त्यातल्या काही बंधांना पीळ पडतो आणि ट्रान्स चरबी तयार होते. १९९० मध्ये नेदरलँड्सच्या मेन्सिंक आणि कातान यांनी दाखवलं, की ही चरबी एलडीएल वाढवते आणि वर एचडीएलही पाडते. तुपातली संपृक्त चरबी निदान एकाच बाजूनं मारते. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती राहिलं धुपाटणं, ही म्हण ज्यानं केली त्याला हायड्रोजनचा शोध लागायच्या आधी हे कसं कळलं, ते कळत नाही.

त्या काळी लोकांना काळजी होती ती वेगळीच: साजूक तुपात वनस्पती मिसळतात. त्यावर सरकारनं काढलेला तोडगा मला फार आवडतो. वनस्पतीत निदान पाच टक्के तिळाचं तेल घालणं कायद्यानं सक्तीचं झालं. तिळाच्या तेलाची एक खोड अशी, की आम्ल आणि थोडं फरफुराल घातलं की ते लालगुलाबी होतं. तुपावर हा प्रयोग केला आणि तूप लाजलं, की समजावं भेसळ आहे. वनस्पतीला रंगच द्यावा म्हणजे भानगड नको, अशीही चर्चा वर्षानुवर्षं चालली, पण पोटाला चालेल आणि व्यापाऱ्याला काढता येणार नाही असा रंगच सापडेना. लग्नाच्या पंगतीत जिलबी साजूक तुपातली आहे की डालड्यातली, यावरून सोयरीक मोडायची वेळ यायची. एलडीएलवरून एकही सोयरीक मोडल्याचं ऐकिवात नाही. अखेर जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे तेलातुपातल्या ट्रान्स चरबीवर दोन टक्क्यांची मर्यादा आली. खारी, टोस्ट आणि नानकटाई यांच्यावर यामुळे डोळे मिटून विश्वास ठेवावा, असं नाही; पण पूर्वी उघडे ठेवूनही काही दिसत नव्हतं.

डालडा गेला तशी त्याची जागा पामतेलानं घेतली. आपण खातो त्यातलं निम्म्याहून अधिक तेल परदेशातून येतं, आणि त्यात मोठा वाटा इंडोनेशिया-मलेशियाच्या पामचा. जिल्हाभिमानाच्या यादीत त्याचं नाव नसतं, कारण पामतेल कुणी 'खात' नाही. ते फरसाणात असतं, बिस्किटात असतं, हॉटेलच्या कढईत असतं. मराठवाड्यातला शेतकरी सोयाबीन विकतो आणि गावच्या बाजारातून पामतेलात तळलेली शेव घेऊन घरी येतो. पामतेलातली जवळजवळ निम्मी चरबी संपृक्त असते.

खोबरेलात ती नव्वद टक्क्यांच्या आसपास. हे कोकणात बोलू नये. २०१८ मध्ये हार्वर्डच्या एका प्राध्यापिका जर्मनीत भाषण करताना खोबरेलाला 'शुद्ध विष' म्हणाल्या, तर आपल्या फलोत्पादन आयुक्तांनी हार्वर्डला निषेधाचं पत्र धाडलं. एवढ्या तातडीनं सरकारी पत्र गेल्याचं दुसरं उदाहरण शोधावं लागेल. वस्तुस्थिती दोन्हीच्या मधे आहे आणि त्यामुळे कुणालाच आवडत नाही. खोबरेल एचडीएल वाढवतं, हे खरं. पण एलडीएलही वाढवतं. इतर वनस्पती तेलांशी तुलना करणारे प्रयोग २०२० मध्ये एकत्र मांडले गेले, तेव्हा फरक दहा अंकांच्या आसपास भरला. विष नव्हे, अमृतही नव्हे. आमच्या वेंगुर्ल्याच्या शेजारीणकाकूंनी हे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमचे सासरे ब्याण्णवाव्या वर्षी गेले." सासरे रोज चार मैल चालत होते आणि घरात तेलाची बाटली वर्षभर पुरत होती, हे त्या दुसऱ्या एका गोष्टीच्या ओघात, दुसऱ्या दिवशी सांगतात.

पुण्यातली भाची या सगळ्यांच्या पुढे गेलेली आहे. तिच्याकडे ऑलिव्ह. एक्स्ट्रा व्हर्जिन. त्यात ती मोहरी-हिंगाची फोडणी करते आणि वर 'मेडिटेरेनियन आमटी' म्हणते. ऑलिव्हची बाजू भक्कम आहे, यात शंका नाही. स्पेनमध्ये सुमारे साडेसात हजार लोकांवर मोठा प्रयोग झाला, ऑलिव्ह तेल किंवा सुकामेवा खाणाऱ्यांना हृदयविकार, पक्षाघात यांचा त्रास कमी झाला, २०१३ मध्ये निष्कर्ष छापून आले आणि २०१८ मध्ये ते मागे घेऊन दुरुस्त करून पुन्हा छापावे लागले. कारण ऐकून मला स्पेन एकदम जवळचं वाटलं. एका ठिकाणी गावकऱ्यांनी तक्रार केली, की शेजाऱ्याला फुकट ऑलिव्ह तेल मिळतं आणि आम्हाला का नाही? बिचाऱ्या संशोधकानं मग चिठ्ठ्या टाकायचं सोडून सबंध गावाला एकच आहार देऊन टाकला. ही तक्रार कुठल्या तरी सहकारी सोसायटीच्या वार्षिक सभेतून थेट तिकडे गेली असावी. दुरुस्तीनंतरही निष्कर्ष साधारण तोच राहिला. मात्र त्या लोकांच्या ताटात तेलाबरोबर ढीगभर भाज्या, डाळी, मासे आणि फळं होती. वर बटाटेवडा नव्हता.

चरबी सोडली तर तिच्या जागी ताटात काय येतं, हा प्रश्न आपल्याकडे कुणी विचारतच नाही. आणि इथेच आपण मार खातो. २०२३ मध्ये आलेल्या देशव्यापी 'इंडियाब' पाहणीत सुमारे ८१ टक्के प्रौढांच्या रक्तातल्या चरबीत काही ना काही बिघाड आढळला. आपला खास बिघाड म्हणजे ट्रायग्लिसराइड जास्त आणि एचडीएल कमी. यात तेलापेक्षा भात, मैदा, साखर यांचा हात मोठा. तूप सोडून त्याजागी दोन पोळ्या आणि चहात एक चमचा साखर वाढवली, तर एलडीएल थोडं उतरतं आणि ट्रायग्लिसराइड त्याची जागा भरून काढतं. एकादशी, दुप्पट खाशी, हे वचन वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात घ्यावं अशा योग्यतेचं आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्या थाळीत हृदयाच्या बाजूनं उभा राहणारा एकटा शेंगदाण्याचा कूट. नेमका तोच आपण 'पित्त होतं' म्हणून कमी घालतो.

आता, किती तेल?

आपली पाककृतीची पुस्तकं हळद पाव चमचा, मोहरी अर्धा चमचा, हिंग चिमूटभर असं काटेकोर सांगतात आणि तेलापाशी आली की 'फोडणीपुरतं' म्हणून डोळे मिटतात. पुढच्या ओळीत 'तेल सुटेपर्यंत परतावं' अशी आज्ञा. तेल सुटायचं तर आधी भरपूर घालायला हवं, एवढं गणित कोणत्याही सुगरणीला येतं. भरली वांगी तेलावर तरंगली नाहीत तर ती 'कोरडी झाली गं' म्हणून परत पाठवली जातात. घडीच्या पोळीत घडीला तेल, लाटताना नाही म्हणून तव्यावर तेल, आणि उतरल्यावर मऊ राहावी म्हणून वरून एक बोट. विचारलं तर उत्तर येतं, "आमच्याकडे तेल अगदीच कमी वापरतात. पोळ्या तर बिनतेलाच्याच." मिसळीच्या दुकानात 'तिखट कमी, तर्री जास्त' अशी मागणी करणारे आरोग्यप्रेमी मी रोज पाहतो. मिरचीचा लाल रंग पाण्यात उतरत नाही, तेलातच उतरतो. म्हणजे वाटीतली जी लाली बघून तोंडाला पाणी सुटतं, ती सगळी तेलाचीच. वडापावच्या कढईबद्दल न बोललेलं बरं. एकाच तेलात किती वेळा तळावं यालाही २०१८ पासून कायदा आहे: तापून तापून तयार होणारी ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल फेकायचं, किंवा जैवडिझेलला द्यायचं. आमच्या नाक्यावरची कढई अजून डिझेलच्या वाटेला लागलेली नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आदर्श ताट सांगितलं, त्यात दोन हजार कॅलरींच्या दिवसाला तेल-तूप मिळून २७ ग्रॅम. म्हणजे दोन मोठे चमचे, न्याहारीपासून रात्रीच्या जेवणापर्यंत. देशात माणशी वर्षाला वीस किलोच्या आसपास खाद्यतेल खपतं, म्हणजे दिवसाला पन्नासहून जास्त ग्रॅम, आणि त्यात तुपाचा हिशेब धरलेला नाही. ही दुप्पट शेंगतेलाची असो, करडईची असो की भाचीच्या ऑलिव्हची, पोटावर सारखीच चढते.

तेव्हा तेल कोणतं, याचं उत्तर देऊन टाकतो, म्हणजे पुन्हा कुणी बागेत अडवणार नाही. शेंगदाणा, करडई, तीळ, सूर्यफूल, सोयाबीन, राईसब्रान यांपैकी कोणतंही, आलटूनपालटून, जे ताजं आणि परवडेल ते. जवसाची चटणी रोज. खोबरेल माशापुरतं, पाम आणि गोठवलेली वनस्पती टाळता येईल तितकी टाळून. डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर ती तेल बदललं म्हणून बंद करायची नाही. आणि घरात महिन्याचं तेल भरताना पंधरा किलोचा डबा आणत असाल, तर त्याच्यावर पेनानं तारीख लिहून ठेवा. २७ ग्रॅमच्या हिशेबानं चार माणसांच्या घरात तो डबा साडेचार महिने पुरायला हवा, तोही त्या साडेचार महिन्यांत तूप, लोणी आणि बाहेरचा एकही वडा घरात आला नाही तर.